भाडें हवें कीं घर हवें?

महिन्याची दहा तारीख उलटली आणि माडीवरच्या बिऱ्हाडाचें भाडें आलें नाहीं, म्हणजे घरमालकाच्या घरांत एक नाजूक प्रश्न उभा राहतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, "चार दिवस वाट पाहावी", तरुण म्हणतात, "नोटीस द्यावी." मागावें तर शेजारधर्म दुखावतो, न मागावें तर घरपट्टी कांहीं थांबत नाहीं. कित्येक एकत्र कुटुंबांत हें भाडें म्हणजेच एखाद्या काकूंच्या उतारवयाचा आधार असतो. अशा वेळीं मालकानें प्रथम स्वतःस एक प्रश्न विचारावा, असें आम्हांस वाटतें: आपणांस भाडें हवें कीं घर हवें? पानशेतच्या पुरानें हाच प्रश्न पुण्यांतील मालकांपुढें फार कठोरपणें मांडला होता.

वेल्हे तालुक्यांत आंबी नदीवर पानशेत येथें धरणाचें बांधकाम चालू असतां १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं तें फुटलें. तो लोंढा खडकवासल्यास आला. तेथील जुनें धरणही टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी शनिवार, नारायण, कसबा इत्यादि पेठांत व डेक्कन जिमखान्यावर शिरलें. मातीविटांचे शेंकडों वाडे कोसळले. पुढें गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या.

घटकाभर नदीकाठच्या अशा एका वाड्याची कल्पना करावी. खालीं मालक, वर तीन बिऱ्हाडें. मालकाचें धान्य गेलें, बिऱ्हाडकरूंचीं भांडींकुंडीं गेलीं, मागची भिंत खचली. ऑगस्टची पहिली तारीख उजाडली. आतां भाडें कोणत्या तोंडानें मागावें, आणि कोठून द्यावें? त्यांतच मालकाच्या मनांत एक विचार डोकावतो: भिंत तशीच पडूं द्यावी, म्हणजे बिऱ्हाडें आपोआप परत यावयाचीं नाहींत!

या विचारास कायद्याचा आधार नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें आग, वादळ किंवा पूर यांमुळें मिळकतीचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला अथवा कायमचा निरुपयोगी झाला, आणि करारांत निराळें ठरलेलें नसलें, तर भाडेपट्टा रद्द मानण्याची मुभा आहे. पण ती भाडेकऱ्यास, मालकास नव्हे. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २०१४ सालीं ठरविलें. अर्थात् ज्यास हक्क राखावयाचा आहे, त्यानें भाड्याची जबाबदारीही मानली पाहिजे.

मालकाचें गाऱ्हाणें खोटें आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें पुष्कळ घरांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेविलें. तेवढ्या रकमेंत कौलें शाकारणेंही पुढें कठीण झालें. भाडें असें गोठविणें अवाजवी झालें आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं मान्य केलें, आणि ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्यानें दरसाल शेंकडा ४ वाढ मिळूं लागली. परंतु वाढीसाठीं भांडणें निराळें, आणि घर रिकामें व्हावें म्हणून मुद्दाम थकबाकी सांचूं देणें निराळें.

तेव्हां भाडें थकल्यास काय करावें? पहिल्याच महिन्यांत घरांतील एका समंजस माणसानें निवांत वेळीं बिऱ्हाडकरूंच्या घरीं जावें. जिन्यांत, मुलाबाळांदेखत हटकूं नये. नोकरी गेली आहे, आजारपण आहे, कीं नुसती टाळाटाळ आहे, हें समजून घ्यावें. अडचण खरी असल्यास हप्ते ठरवून कागदावर लिहावे व उभयतांनीं सह्या कराव्या. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि ती कोणत्या महिन्याची, हें तींत नमूद करावें. रागाच्या भरांत नळ किंवा वीज तोडूं नये. तसें करण्यास कायद्यानें मनाई आहे.

टाळाटाळच असेल, तर लेखी नोटीस देण्यांत संकोच नसावा. जुन्या कायद्यांत नोटिशीनंतर एक महिना थांबावें लागे; आतां ९० दिवस थांबावें लागतें. दावा लावल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकऱ्यानें सर्व बाकी शेंकडा १५ सरळव्याजासह भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढें नियमित भाडें चालू ठेविलें, तर थकबाकीसाठीं त्यास घराबाहेर काढतां येत नाहीं. हल्लीं परवान्याच्या करारानें जागा देण्याची चाल पडली आहे. तिचे नियम निराळे आहेत, म्हणून करार नीट वाचावा.

या मुदतींचा अर्थ उघड आहे. मालकास त्याचें भाडें मिळावें, ही कायद्याची इच्छा; थकबाकीच्या निमित्तानें घर मोकळें व्हावें, ही नव्हे. ज्यास भाडेंच हवें, त्यास बहुधा कचेरीची पायरी चढावी लागत नाहीं. ज्यास घर हवें असेल, त्यानें तें गरजेचें कारण दाखवून उघडपणें मागावें. पडक्या भिंतीच्या आड उभें राहूं नये.