भाड्याच्या गाळ्यापासून सोडतीपर्यंत

मुंबईत म्हाडा म्हटलं की आधी लॉटरी आठवते. अर्ज, अनामत रक्कम, उत्पन्नाचा दाखला आणि मग यादीत नाव शोधणं. पण या संस्थेचं मूळ काम घरं बांधण्याचं. १९४८च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आलं. १९५२मध्ये केंद्राने औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी निम्मं अनुदान, निम्मं कर्ज द्यायला सुरुवात केली आणि मंडळाने कामगारांसाठी भाड्याचे गाळे उभे केले. १९७७मध्ये अशी वेगवेगळी मंडळं एकत्र करून म्हाडाची स्थापना झाली.

पुढे सरकारी तिजोरी आटली, तसा कामाचा साचाही बदलला. १९८५मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोप, गोराईला तयार घराऐवजी आखलेला भूखंड मिळू लागला. रस्ता, पाणी, गटार, संडासाची सोय म्हाडाची. भिंती आणि छप्पर ज्याचं त्याने बघायचं. लोकांनी आधी एक खोली बांधली, हातात पैसे आले तसा पोटमाळा काढला, मग वरचा मजला चढवला. घरं एका सामाईक चौकाभोवती, चौकाची मिळून एक सोसायटी. मोठे भूखंड बाजारभावाने विकायचे आणि त्या पैशातून लहान भूखंड गरिबाला परवडतील असे द्यायचे, हा हिशेब. मला ही म्हाडाची सर्वांत शहाणी योजना वाटते. ती पुढे चालवली नाही, हे शहराचं मोठं नुकसान आहे.

कारण १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर दिल्लीतलं वारंच फिरलं. १९९४च्या राष्ट्रीय गृहनिर्माण धोरणाने सरकारला सांगितलं, स्वतः बांधण्यापेक्षा इतरांना बांधायला वाव द्या. महाराष्ट्रात १९९५मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं: रहिवाशाला घर फुकट, विकासकाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा. म्हाडाच्या जुन्या वसाहतींचा पुनर्विकासही याच गणितावर चालतो. मूळ रहिवाशाला मोठं घर मिळतं, विकासक उरलेली घरं विकतो, म्हाडाला अधिमूल्य किंवा घरांचा हिस्सा मिळतो. सोडतीतली बरीच घरं या हिश्श्यातून येतात.

म्हणजे गरिबाच्या घराची मदार आता जमिनीच्या भावावर. भाव चढते असतील तर इमारत उठते. बाजार बसला की काम रखडतं आणि कुटुंबं संक्रमण शिबिरात अडकून पडतात. शिवाय भाव जिथे चढे, तिथे सोडतीतलं घरही महागच.

पुढच्या सोडतीची जाहिरात आली की एकूण घरांच्या आकड्यावर जाऊ नका. अत्यल्प उत्पन्न गटासाठी किती घरं आहेत आणि त्यांची किंमत काय, ते आधी बघा. आणि आपल्या आमदाराला विचारा, चारकोपसारखे भूखंड पुन्हा कधी देणार?