एकट्याने पृथ्वीला वळसा

'गरजणारे चाळीस' हा भाग शिकवताना मी दरवर्षी कमांडर दिलीप दोंदे यांची गोष्ट सांगते. शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. गोष्ट संपायच्या आत वर्गातून एक प्रश्न ठरलेला असतो, "बाई, मग ते झोपायचे कधी?"

मुलांनो, प्रश्न अगदी बरोबर आहे. पण आधी वाट बघू. अशा प्रदक्षिणेत निघालेल्या बंदरातच परत यायचं असतं. किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. सुएझ किंवा पनामा कालव्यातून जायचं नाही. ऑस्ट्रेलियाचं ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचं हॉर्न आणि आफ्रिकेचं गुड होप, या तिन्ही टोकांना वळसा घालायचा. म्हणजे दक्षिण महासागरात उतरावंच लागतं. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच, म्हणून तिथे वारा गरजतो आणि लाटा वाढतच जातात.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरांत थांबले आणि १९ मे २०१० ला परतले. त्यांची 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. म्हादेई म्हणजे आपली मांडवीच.

आता झोपेचं. नाव रात्रीही चालूच असते आणि पाळी बदलायला दुसरं कोणी नसतं. सुकाणू यंत्रावर सोपवता येतं, पण वारा वाढला तर शीड कमी करायला उठावंच लागतं. समोरून मोठं जहाज आलं तर? म्हणून गजर लावून तुकड्या-तुकड्यांत झोपायचं. तान्ह्या बाळाची आई झोपते ना, तसं. कान जागेच. आणि हे एक-दोन रात्री नाही, महिनोन् महिने! मला खरं कौतुक याचंच वाटतं. वादळ दोन-चार दिवसांत जातं. एरवी रोज फाटलेलं शिवायचं, तुटलेलं बांधायचं, पाणी मोजून प्यायचं.

दोंदे यांच्या तयारीत मदत करणारे अभिलाष टॉमी यांनी तर २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. मग २०१८ ला ते गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. ही शर्यत १९६८-६९ मधल्या पहिल्या शर्यतीच्या आठवणीत होते, म्हणून साधनंही त्या काळातलीच. जीपीएस नाही, सूर्य-तारे बघून जागा ठरवायची. (ती पहिली शर्यत जिंकणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली होती, बरं का!)

सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने टॉमींची डोलकाठी मोडली आणि पाठीचे मणकेही. उठता येईना. तीन दिवस ते नावेत पडून होते. शर्यतीतला आयरिश खलाशी ग्रेगर मॅकगकिन याचीही डोलकाठी गेली होती, तरी तो त्यांच्या दिशेने निघाला. शेवटी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. मदत मागितली म्हणजे हरले, असं वर्गात कोणीतरी म्हणतंच. मला नाही तसं वाटत. किनाऱ्याला लागायचं, हेही खलाशाचं कामच आहे.

पाठीत टायटॅनियमची सळई बसवून ते पुन्हा चालायला शिकले आणि २०२२ ला त्याच शर्यतीत निघाले. सोळा जण सुटले. मूळ नियमांत राहून पोचले फक्त तीन. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. दुसरे टॉमी, २३६ दिवसांनी. वाटेत सुकाणू सांभाळणारं यंत्र मोडलं, तेव्हा त्यांनी नावेतल्या संडासाचं दार कापून त्याचा भाग बनवला. इथे वर्ग हमखास हसतो.

आता नकाशाचं पुस्तक उघडा. ती तीन टोकं शोधा आणि मुंबईहून निघून, कुठलाही कालवा न ओलांडता, बोट फिरवत परत मुंबईला या.