हात बसेपर्यंत

पहाटे ५

आज पाण्याचा दिवस. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात नळ रोज येत नाही, मध्ये तीन-चार दिवस जातात, कधी जास्तही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी गजर न लावताच घर जागं होतं. मी बॅरल आणि घागरी भरतो. बायको रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं उलगडून बघते. पान नीट नरम झालं असेल तर तिचा दिवस सुरळीत जातो. दिवसाला हजार विड्या वळायच्या, कट्टे बांधायचे आणि कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथे तपासणीत ज्या विड्या बाद होतील, ती मेहनत फुकट.

सकाळी ६:३०

सायकल काढतो. एप्रिल संपत आलाय, या वेळेलाही वारा कोमट आहे. वाटेत रस्त्याच्या कडेला बायका विड्यांचं सूप मांडीवर घेऊन आधीच बसलेल्या आहेत.

माझे आजोबा तेलंगणातून सोलापुरात आले ते मिलच्या नावाने. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी. ती बंद पडूनही किती वर्षं झाली, पण लोक अजून ‘जुनी मिल’ म्हणूनच पत्ता सांगतात. आजोबा मिलमध्ये, वडील घरच्या हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर, मी यंत्रमागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. तीन पिढ्या एकाच धाग्याला धरून आहोत.

सकाळी ७

शेड उघडते. पहिली पंधरा मिनिटं माग चालू करायचा नाही, हा माझा नियम. तेल घालतो, पट्टा बघतो, ताण्यावर हात फिरवतो. रात्रीत कुठे धागा सैल पडलाय का, ते डोळ्याआधी तळव्याला कळतं. मग वर मान करून जेकार्ड बघतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी वर फिरते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि त्या फटीतून धोटा पळतो. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. अशा शेकडो ओळी जमल्या की मोराच्या पिसाचा एक डोळा कापडावर उघडतो. आमच्या चादरीला उलटी बाजू नाही. पुढे जी नक्षी, तीच मागे, फक्त रंगांची अदलाबदल. म्हणून चूक लपवायलाही जागा नाही.

सव्वासातला माग चालू. आता दुपारपर्यंत बोलणं खुणांनी.

सकाळी ९

चादरीचं सूत जाड, त्यामुळे धोट्यातली कांडी काही मिनिटांत संपते. थांबव, रिकामी कांडी काढ, भरलेली घाल, धागा ओढ, चालू कर. दिवसभरात हे किती वेळा होतं ते मी कधी मोजलं नाही. मजुरी नगावर आहे, तेव्हा थांबलेला प्रत्येक क्षण आपल्याच खिशातून जातो.

तेवढ्यात ताण्यातला एक धागा तुटला. आवाज बदलला म्हणून कळलं. शंभर मागांच्या खडखडाटातून आपला माग वेगळा ऐकू येतो, यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. तुटलेली दोन टोकं शोधून गाठ मारली, शेपूट कातरीने उडवलं, धागा फणीतून नीट सरकतोय का पाहिलं. पुन्हा चालू.

शेजारच्या मागावर माझा भाचा आहे. चार महिने झाले त्याला. त्याचाही धागा तुटलाय. त्याची गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली पण शेपूट लांब राहिलं. फणीत अडकून शेजारचे दोन धागे घेऊन तुटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गेलो नाही. मी गेलो तर आजचा माग चालेल, पण त्याचा हात बसायचा राहून जाईल.

सकाळी ११

मालकांबरोबर बाहेरगावचे एक व्यापारी आले. माझ्या मागापाशी थांबून कापड हातात घेतलं आणि कानाशी येऊन कौतुकाने म्हणाले, “तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे हे.”

माणूस मनाने चांगला होता. पण हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय आणि दर वेळी कुठेतरी टोचतं. मार्कंडेय ऋषी आमचं दैवत, नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो तेव्हा सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो. विणकाम हा आमचा वारसा आहे, हे मी छाती काढून सांगतो. पण वारसा म्हणजे रक्त नव्हे. रक्तात असतं तर सोळाव्या वर्षी माझ्या बोटांना ते आलं असतं.

मी नववीत नापास झालो तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, मला मागावर घेऊन गेले. आठ दिवसांत त्यांनी मला मागावरून उठवलं, म्हणाले, “आधी गाठ.” संध्याकाळी घरी खाटेच्या दांडीला ताण्याचे तुकडे बांधायचे आणि मला म्हणायचे, जोड. डाव्या चिमटीत दोन टोकं एकमेकांवर, लांब टोकाचा फेर अंगठ्यावरून मागे, दुसरं टोक त्या फेरात खाली दाबायचं आणि ओढायचं. सांगायला एवढंच. मी पहिल्या रात्री शंभर मारल्या, त्यातल्या बहुतेक झटक्यासरशी सुटल्या. नाना एकेक गाठ ओढून बघायचे. रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. सुटलेल्या बाजूला काढायचे, एवढंच. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा चलाख. त्याला ती गाठ दुसऱ्याच दिवशी आली, आणि आली म्हणून त्याने सोडून दिली. मला यायला पावसाळा उलटला. बोटांच्या पेरांना सुताने चिरा पडल्या, त्यावर खोबरेल लावून अम्मा झोपवायची. एका रात्री दिवे गेले, मी अंधारातच जोडत राहिलो. सकाळी नानांनी सगळ्या गाठी ओढल्या. एकही सुटली नाही. ते म्हणाले, “उद्यापासून मागावर ये.”

व्यापाऱ्यांना हे त्या आवाजात सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतोय.

दुपारी १

डबा. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, आमटी. शेडचा पत्रा तापलाय, अंगावर कापसाची तूस बसलीय. भाचा भिंतीला टेकून म्हणाला, “मामा, माझ्या हातात नाही ओ हे. तुमच्या हातातच आहे ते.” तेच व्यापाऱ्याचं वाक्य, फक्त दुसऱ्या टोकाकडून. मी त्याला चटणी वाढली आणि म्हणालो, “आज रात्रीही घरी ये.”

दुपारी ३

भाच्याच्या मागावर एक पुठ्ठा फाटला होता, त्याने नवा ओवून घेतला. पाणी प्यायला जाताना माझी नजर त्याच्या कापडावर थांबली. पिसाच्या डोळ्यात एक ओळ परकी दिसली. पुठ्ठा उलटा ओवला गेला होता आणि फेरा पुन्हा आला तशी चूक पुन्हा उमटली होती. माग थांबवून आडवे धागे एकेक करून मागे उसवत बसलो, दोघेही. पाऊण तास गेला. चादर वाचली, पण त्याचा आजचा एक नग गेला आणि माझाही अर्धा.

संध्याकाळी ५

या वेळेला पाय दुखतात आणि मनात नको ते विचार येतात. कष्ट केले की यश येतंच, असं मुलांना सांगताना माझी जीभ अडखळते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा आत काम करणारे आळशी नव्हते. त्यांच्याएवढं कुणी राबलं नसेल, तरी ते घरी बसले. २००५ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी आमचं नाव लावून परगावचा स्वस्त माल बाजारात विकला जातोच. हाताला कसब यावं हे माझ्या मेहनतीवर आहे. त्या कसबाला दाम मिळावा हे माझ्या एकट्यावर नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच सांगायला हव्यात, नाहीतर गरिबाची गरिबी त्याच्याच आळसाच्या खात्यावर मांडली जाते.

संध्याकाळी ७:३०

बायकोचे हजार पूर्ण झाले. तिचा हात मी बघत बसतो. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, तोंड दुमडणं, दोरा. हे सगळं न बघता, लेकीशी बोलत बोलत. तिच्या या हाताला कुणी कला म्हणत नाही.

लेक नर्सिंगला आहे. मध्यंतरी कॉलेजने त्यांना डॉक्टर कोटणीसांचं स्मारक दाखवायला नेलं होतं. आपल्याच सोलापुरात १९१० साली जन्मलेला माणूस, १९३८ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. शस्त्रक्रियांचं सगळेच सांगतात. लेकीच्या मनात दुसरंच राहिलंय. “नाना, ते तिथं जाऊन चिनी शिकले,” ती म्हणाली. “दिवसभर जखमी माणसं, आणि वरून ती एवढी अक्षरं गिरवायची.” ती स्वतः इंग्रजी औषधांची नावं रोज वहीत उतरवते. तिची तिसरी वही चालू आहे.

रात्री ९:३०

भाचा आला. नानांची ती खाट अजून आहे. दांडीला ताण्याचे तुकडे बांधून दिले आणि शेजारी बसलो. पन्नास झाल्या तेव्हा मी एकेक ओढून पाहिली. एकोणीस सुटल्या.

“गेल्या आठवड्यात?” मी विचारलं.

“तीस.”

सुटलेले धागे मी बाजूला काढले. त्याने बोटं चोळली, दिव्याकडे थोडा सरकला आणि पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात केली.