उडी मोजून मारावी

आमचे सणसर गाव ओळखले जाते ते तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामामुळे आणि शेजारच्या भवानीनगरच्या साखर कारखान्यामुळे, फुटबॉलमुळे नव्हे. तरीही ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात आम्ही काही मुलांनी फुटबॉल सुरू केला आणि त्यातूनच मी महाविद्यालयाच्या संघात आलो. तेथे मला जो धडा मिळाला तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

डोक्याने चेंडू मारताना माझी उडी अपुरी पडे. उड्यांचा सराव कर, असे कोणीसे सुचवले. तालमीत बैठका मोजायची सवय असल्याने जितक्या अधिक तितके चांगले, असा माझा हिशेब. देवळाच्या पारावरून खाली फरशीवर आणि पुन्हा वर, अशा रोज २०० उड्या मी मारू लागलो. तीन आठवड्यांत दोन्ही गुडघे दुखू लागले. आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या दिवशी मी मैदानाबाहेर बसून मित्रांच्या चपला सांभाळल्या. त्याहून वाईट म्हणजे माझे पाहून गावातली सातवी-आठवीची मुलेही पारावरून उड्या मारू लागली होती आणि त्यांत माझा धाकटा भाऊ होता. तेव्हा या विषयाची नीट माहिती करून घेणे भाग पडले.

उडीचे शास्त्र तसे सोपे आहे. खाली बसा, तीन सेकंद थांबा आणि उडी मारा. मग न थांबता, झटकन गुडघे वाकवून उडी मारा. दुसरी उडी उंच जाते. याचे कारण असे की, झटकन वाकताना मांडीचे व पोटरीचे स्नायू आणि टाचेवरची जाड कंडरा गलोलीच्या रबरासारखी ताणली जाते व तो ताण वर जाताना कामी येतो. मात्र गलोल ताणून धरली तरी चालते, स्नायूंचे तसे नाही. थांबलो की साठलेली शक्ती विरून जाते.

दुसरी गोष्ट वेळेची. स्नायूला पूर्ण जोर लावायला ०.३ सेकंदाहून अधिक वेळ लागतो. वेगाने धावताना पाऊल जमिनीवर असते जेमतेम ०.१ ते ०.२ सेकंद. म्हणजे नुसती ताकद असून भागत नाही, ती पटकन लावता आली पाहिजे. रशियाचे प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचावरून खाली येऊन लगेच उसळी घेण्याची पद्धत रूढ केली. पुढे १९७५ साली अमेरिकेच्या फ्रेड विल्ट यांनी अशा सरावाला ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिले. तरुण फुटबॉलपटूंवर झालेल्या प्रयोगांत सहा ते आठ आठवड्यांत उडी आणि धावण्याचा वेग दोन्ही सुधारल्याचे दिसले आहे.

मग बैठका सोडाव्यात काय? मुळीच नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशा तालमींच्या नावानेच फुटबॉल संघ आहेत आणि त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. बैठक हा पाया आहे, उडी त्यावरचा मजला. पण बैठकांचा आकडा उडीला लावू नये, इथेच माझी चूक झाली.

प्रथम शिकायचे ते उडी मारणे नव्हे, जमिनीवर उतरणे. पालखीपुढे पावली खेळणारे वारकरी पाहा. साठी ओलांडलेला माणूसही गुडघे सैल ठेवून हलकेच पाऊल टेकतो. उतरताना गुडघे आत न झुकता पावलांच्या रेषेत राहावेत आणि आवाज कमीत कमी व्हावा. जमीन मऊ मातीची किंवा गवताची असावी. आरंभ जागच्या जागी दोन पायांच्या उड्यांनी आणि दोरीवरच्या उड्यांनी करावा. एका पायाच्या उड्या त्यानंतर आणि उंचावरून उतरणे सर्वांत शेवटी. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती आणि नवख्याने एका वेळी ६० ते ८० उड्यांपलीकडे जाऊ नये. उडीची उंची घटली किंवा उतरण्याचा आवाज वाढला की त्या दिवशी थांबावे.

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत अधिक जपले पाहिजे. या वयात हाडे झपाट्याने वाढतात आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर स्नायूंची ओढ पडून तो दुखू लागतो. ते दुखणे अंगावर काढू नये. उड्या थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

मी दोन महिने विश्रांती घेऊन याच रीतीने पुन्हा सुरुवात केली. उडी किती वाढली हे मोजलेले नाही, पण पुढचा हंगाम मी मैदानात होतो. गावची मुले आता रानातल्या मऊ मातीत उड्या मारतात. मी बांधावर बसून त्यांच्या उड्या मोजतो आणि साठ झाल्या की थांबवतो. भाऊ कुरकुर करतो खरा, पण त्याचे गुडघे शाबूत आहेत.