प्लांत, झाक
(१७ जानेवारी १९२९ – २७ फेब्रुवारी १९८६). विख्यात कॅनडियन व्यावसायिक बर्फहॉकीपटू. माँट्रिऑल कनेडियन्स या संघाचा गोलरक्षक. गोलरक्षकाने प्रत्यक्ष सामन्यात नियमितपणे मुखवटा वापरण्याची प्रथा त्याच्यामुळे रूढ झाली.

क्वीबेक प्रांतातील नोत्र-दाम-द्यू-माँ-कार्मेल या खेड्याजवळ एका फ्रेंचभाषक शेतकरी कुटुंबात जन्म. अकरा भावंडांत तो थोरला. वडिलांना कारखान्यात नोकरी मिळाल्याने कुटुंब शाविनिगन येथे स्थायिक झाले. लहानपणापासून दमा असल्याने त्याला फार वेळ घसरपट्टीच्या बुटांवर धावता येत नसे. म्हणून तो गोलरक्षणाकडे वळला. विणकाम त्याने आईकडून शिकून घेतले आणि पुढे नावलौकिक मिळाल्यावरही स्वतःच्या लोकरी टोप्या तो स्वतःच विणीत असे. अशी टोपी घालून खेळण्यास मात्र कनेडियन्सचे तत्कालीन प्रशिक्षक डिक अर्व्हिन यांनी त्याला मनाई केली.

१९४७ ते १९४९ या काळात तो क्वीबेक शहरातील एका कुमार संघाकडून खेळला. संघातील बचावपटू कच्चे असल्याने गोलामागे गेलेली चकती अडविण्यासाठी त्याला स्वतःलाच गोल सोडून पुढेमागे जावे लागे. हीच सवय पुढे त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य ठरली. गोलरक्षकाने गोलाच्या तोंडाशीच खिळून राहावे, हा तोपर्यंतचा संकेत होता. प्लांत गोलामागे जाऊन चकती थांबवी व सहकाऱ्यांकडे सरकवी. बचावपटूंना मोठ्याने सूचनाही देई. प्रेक्षकांना व कित्येकदा प्रशिक्षकांनाही हा आततायीपणा वाटे. आज मात्र ते गोलरक्षकाच्या शिक्षणाचे अंग मानले जाते.

१९५२ च्या नोव्हेंबरात तो कनेडियन्सकडून प्रथम तीन सामने खेळला. १९५३ च्या उपांत्य फेरीत शिकागोविरुद्ध संघ पिछाडीवर असताना नेहमीचा गोलरक्षक जेरी मॅक्नील याच्या जागी त्याला उतरविण्यात आले. त्या सामन्यात त्याने एकही गोल होऊ दिला नाही. ती फेरी व नंतर स्टॅन्ली चषकही माँट्रिऑलने जिंकला. १९५४-५५ पासून तो संघाचा प्रमुख गोलरक्षक झाला. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे कनेडियन्सने स्टॅन्ली चषक पटकाविला. त्या पाचही वर्षी सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या गोलरक्षकासाठीचा व्हेझिना चषक प्लांतला मिळाला.

बर्फहॉकीची चकती कठीण रबराची, सु. ७.६ सेंमी. व्यासाची व २.५ सेंमी. जाड असते. वजन सु. १६० ग्रॅ. भरते. जोरदार फटक्याने ती ताशी १५० किमी.हून अधिक वेगाने जाऊ शकते. तरीही १९५० च्या दशकात व्यावसायिक गोलरक्षक उघड्या चेहऱ्यानेच उभे राहत. क्लिंट बेनेडिक्ट या गोलरक्षकाने १९३० मध्ये नाक मोडल्यावर काही सामन्यांपुरता कातडी मुखवटा वापरला. परंतु त्याने दृष्टीस अडथळा होत असल्याने तो टाकून दिला. मुखवटा घालणारा खेळाडू भित्रा असतो, ही समजूत दृढ होती. त्यातच राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये (एन्‌.एच्‌.एल्‌.) त्या वेळी अवघे सहा संघ होते आणि एका जागेसाठी अनेक उमेदवार टपलेले असत. त्यामुळे कोणताही गोलरक्षक आपली भीती बोलून दाखवीत नसे. प्लांतच्या गालाचे हाड सरावात दोनदा मोडले होते. त्यानंतर सरावापुरता मुखवटा वापरण्यास प्रशिक्षक टो ब्लेक यांनी परवानगी दिली, सामन्यात मात्र नाही. पायाशी आलेली चकती मुखवट्यातून दिसत नाही व गोलरक्षकाची सावधता ढिली पडते, असे त्यांचे म्हणणे होते.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील सामन्यात रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या तोंडावर बसला व मोठी जखम झाली. टाके घातल्यावर मुखवट्याशिवाय परत न उतरण्याचे त्याने ब्लेक यांना सांगितले. त्या काळी संघांबरोबर दुसरा गोलरक्षक सज्ज ठेवीत नसत. ब्लेक यांचा नाइलाज झाला. प्लांत काचतंतूचा मुखवटा घालून परतला व माँट्रिऑलने तो सामना ३-१ असा जिंकला. हट्ट मान्य झाला तो युक्तिवादामुळे नव्हे, तर पर्याय नसल्यामुळे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. यानंतर संघ सलग अठरा सामने अपराजित राहिला. ८ मार्च १९६० रोजी ब्लेक यांच्या आग्रहावरून तो डिट्रॉइटविरुद्ध मुखवट्याशिवाय खेळला. माँट्रिऑल ०-३ असा हरला आणि वाद तेथेच संपला. त्या वर्षीचा स्टॅन्ली चषक संघाने अंतिम टप्प्यातील आठही सामने जिंकून मिळविला. मुखवटा न वापरणारा या लीगमधील अखेरचा गोलरक्षक १९७४ पर्यंत खेळला.

१९६१-६२ मध्ये प्लांतला सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठीचा हार्ट चषक व सहाव्यांदा व्हेझिना चषक मिळाला. हार्ट चषक त्यानंतर एखाद्या गोलरक्षकास मिळण्यास १९९७ साल उजाडावे लागले. १९६३ मध्ये त्याची न्यूयॉर्ककडे बदली झाली. १९६५ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. पण १९६८ मध्ये सेंट लूइस संघाकडून तो पुन्हा खेळू लागला व ग्लेन हॉलसमवेत सातव्यांदा व्हेझिना चषकाचा मानकरी ठरला. १९७० च्या अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध चकतीच्या आघाताने त्याचा मुखवटा फुटला व तो बेशुद्ध पडला. मुखवट्यानेच आपला जीव वाचविला, असे त्याने नंतर सांगितले. पुढे टोराँटो व बॉस्टन या संघांकडून तो खेळला. टोराँटोकडून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याने प्रतिसामना सरासरी १.८८ गोल स्वीकारले. त्या हंगामातील ही सर्वांत कमी सरासरी होय. १९७४-७५ मध्ये प्रतिस्पर्धी वर्ल्ड हॉकी असोसिएशनमधील एडमंटन संघाकडून खेळून त्याने कारकीर्द संपविली. राष्ट्रीय लीगमध्ये त्याने ८२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही.

गोलरक्षणावर त्याने पुस्तक लिहिले व अनेक तरुण गोलरक्षकांना मार्गदर्शन केले. १९७२ मध्ये माँट्रिऑल येथे कॅनडा-सोव्हिएट मालिकेचा पहिला सामना होण्यापूर्वी, सोव्हिएट गोलरक्षक व्लादिस्लाव्ह ट्रेत्यक याला दुभाषाच्या मदतीने कॅनडियन खेळाडूंच्या फटक्यांची वैशिष्ट्ये त्याने समजावून दिली. तो सामना कॅनडाने ३-७ असा गमावला. १९७८ मध्ये हॉकीच्या सन्मानसभेत त्याचा समावेश करण्यात आला. जिनीव्हा येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. १९९५ मध्ये माँट्रिऑल कनेडियन्सने त्याचा १ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला.