चोपड्यांचे नवे घर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुरतेच्या पेढ्यांवर चोपडापूजन होते. लाल कापडात बांधलेल्या वह्यांवर कुंकवाने शुभ-लाभ लिहून नव्या वर्षाचे खाते उघडावयाचे, ही तेथील जुनी रीत. अलीकडे पाटावर वहीशेजारी संगणकही मांडलेला दिसतो. त्यात वावगे काही नाही; पेढीचा खरा हिशेब आता संगणकावरच होतो. मात्र तो साठवला जातो आतल्या एखाद्या बंद, थंडगार खोलीत, अहोरात्र घोंघावणाऱ्या यंत्रांच्या कपाटांत. अशा जागेला, ती खोलीएवढी असो वा इमारतीएवढी, डेटा सेंटर म्हणतात आणि तेथील संगणकांना सर्व्हर. वही नव्या घरी राहावयास गेली खरी. परंतु ते घर कसे बांधावे आणि किती खर्चात चालवावे, याचा विचार फार थोड्या ठिकाणी झालेला दिसतो.

सुरतेला तरी हा विचार टाळता येण्याजोगा नाही. जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू पडतात ते याच शहरात, आणि आता कच्चा हिरा कोठे कापावा हे ठरविण्याआधी यंत्र त्याची त्रिमिती प्रतिमा घेते. प्रत्येक खड्यामागे अशी माहिती साठत जाते. कापडबाजाराची कथा निराळी नाही. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागू झाला, तेव्हा येथील कापड व्यापाऱ्यांनी निषेध म्हणून कित्येक दिवस दुकाने बंद ठेवली होती. पुढे त्याच बाजारातील लहानसहान दुकानांतही संगणकावर बिले होऊ लागली. या नोंदी केवळ शेठजींच्याच असतात असेही नाही. खानदेशातून पोटासाठी येऊन लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची हजेरी, पगार, भविष्यनिर्वाह निधी, मुलांच्या गुणपत्रिका आणि दवाखान्यातील तपासण्या हे सारे आज अशाच कुठल्या तरी खोल्यांतून सांभाळले जाते. म्हणून ही खोली कशी आहे, हा प्रश्न यंत्रे विकणाऱ्यांपुरता उरत नाही.

बहुतेक ठिकाणी या खोलीचा विचार यंत्राच्या किमतीपासून सुरू होतो. वस्तुतः किंमत एकदाच द्यावी लागते. विजेचे बिल मात्र दरमहा येते. सर्व्हर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि ती उष्णता खोलीबाहेर काढावयास पुन्हा वीज लागते. एकूण वीज भागिले सर्व्हरांनी घेतलेली वीज, हे गुणोत्तर २००७ पासून जगभर मोजमाप म्हणून रूढ झाले असून त्याला पीयूई म्हणतात. ते १ असणे हा आदर्श. जगातील डेटा सेंटरांची सरासरी गेली काही वर्षे दीडच्या किंचित वर रेंगाळत आहे, तर गूगलसारख्या कंपनीने आपल्या केंद्रांत ते १.१ च्या आसपास आणले आहे.

हा आकडा किती बोलका आहे, ते घरगुती हिशेबाने पाहू. समजा, एखाद्या कारखान्याच्या खोलीत सर्व्हरांना अखंड १० किलोवॅट वीज लागते. वर्षाचे झाले ८७,६०० युनिट. गुणोत्तर २ असेल, तर एकूण खप १,७५,२०० युनिट. तेच दीडवर आणले, तर १,३१,४००. युनिटला ८ रुपये धरले, तरी वर्षाकाठी साडेतीन लाखांची बचत होते. आणि त्यासाठी एकही नवा सर्व्हर घ्यावा लागत नाही.

मग हे साधावे कसे? पहिला उपाय कोणत्याही गृहिणीने सुचविला असता: माळ्यावरील अडगळ आधी काढा, नवे कपाट नंतर घ्या. कित्येक संगणकखोल्यांत असे सर्व्हर चालू असतात की त्यांचे काम कधीच संपले आहे. बंद करावयास कोणी धजत नाही, एवढेच. रिकामा बसलेला सर्व्हरही बरीच वीज खात असतो. म्हणून प्रत्येक यंत्र कोणते काम करते आणि त्याचा धनी कोण, याची यादी करणे हे आधुनिकीकरणाचे पहिले पाऊल होय. यादी झाली की एकाच सर्व्हरवर अनेकांची कामे स्वतंत्र कप्पे करून चालविता येतात, आणि अनेक यंत्रे निवृत्त करता येतात.

दुसरा उपाय हवेच्या वाटेचा. सर्व्हर पुढून थंड हवा आत घेतो व मागून गरम हवा सोडतो. कपाटांच्या रांगा एकामागे एक अशा लावल्या, की पुढच्या रांगेचा गरम श्वास मागच्या रांगेच्या तोंडावर येतो. रांगा समोरासमोर लावून एक बोळ थंड व एक गरम ठेवला, आणि कपाटांतील रिकाम्या फटी साध्या पत्र्यांनी बुजविल्या, तर वातानुकूलनाचा भार पुष्कळ हलका होतो. शिवाय ही खोली बर्फासारखी गार ठेवलीच पाहिजे, हा समज आता जुना झाला. आत शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेची, अ‍ॅशरेची, शिफारस आहे. सुरतेच्या दमट उन्हाळ्यात या वरच्या मर्यादेचे मोल अधिक आहे. मात्र दमटपणावरही लक्ष ठेवावे लागते; कोरड्या थंड प्रदेशात बाहेरची हवा थेट आत घेण्याची जी सोय आहे, ती येथे फारशी उपयोगी नाही.

हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी अधिक वाहून नेते. खजोद येथे डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या सुरत डायमंड बोर्सच्या इमारतीत जमिनीखालील नळ्यांतून थंड पाणी खेळवून गारवा आणण्याची योजना आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या नव्या, अतिशय तापणाऱ्या सर्व्हरांना तर हवा अपुरीच पडते. तेथे द्रव थेट यंत्रापर्यंत नेऊ लागले आहेत. पण मोठ्या केंद्रांत पाण्याची वाफ करून गारवा मिळवावयाचा, तर पाणी आणावयाचे कोठून? याचे उत्तर सुरतेने आपल्या कारखान्यांपुरते शोधून ठेवले आहे. महानगरपालिका बमरोली येथे सांडपाणी शुद्ध करून ते २०१४ पासून पांडेसऱ्याच्या उद्योगांना विकत आली आहे. नव्या यंत्रगृहांनी पिण्याच्या पाण्याऐवजी अशा पाण्याकडे आधी वळावे.

तिसरा उपाय म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरणे. दहा वर्षांनी लागेल म्हणून आजच सगळे वातानुकूलन व बॅटऱ्यांचा सगळा संच बसविला, तर ती सामग्री अर्ध्याहून कमी भारावर चालते आणि तिची कार्यक्षमता घसरते. जागा व तारांची वाट भविष्यासाठी राखावी, यंत्रे मात्र टप्प्याटप्प्याने घ्यावीत. लहान पेढीने तर स्वतःची खोली थाटावी की नाही, येथूनच विचार करावा. भाड्याने घेतलेली जागा, म्हणजे क्लाउड, अशांना पुष्कळदा स्वस्त पडते. मुंबई-नवी मुंबई हे देशातील डेटा सेंटरांचे सर्वांत मोठे केंद्र जवळच आहे. परंतु भाड्याच्या घरालाही मीटर असतो. न लागणारी जागा वेळीच सोडली नाही, तर मासिक बिल मुकाट्याने वाढत जाते.

येथवर काटकसरीची गोष्ट झाली. एक जागा मात्र अशी आहे, की तेथे काटकसर करणे हाच सर्वांत मोठा उधळेपणा ठरतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी तापीत सोडावे लागले, आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. ज्यांचा हिशेब तळमजल्यावर होता, त्यांना वही काय आणि संगणक काय, दोन्ही सारखेच. आदल्याच वर्षी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली होती.

असे अनुभव श्रीमंत देशांनाही चुकलेले नाहीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कचा दक्षिण भाग जलमय झाला. तेथील ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका इमारतीत सर्व्हर व जनित्र उंच मजल्यांवर सुरक्षित होते. परंतु जनित्राला तेल चढविणारी व्यवस्था तळघरात होती, आणि तळघर बुडाले. मग कर्मचारी व स्वयंसेवक यांनी डिझेलचे डबे हातोहात १७ मजले जिन्याने वर नेले आणि केंद्र चालू ठेवले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करावे तितके थोडेच. पण हा प्रसंग ओढवला तो आराखड्यातील एका रेघेमुळे.

म्हणून तापीकाठच्या या शहरात जो कोणी संगणकखोली आखील, त्याने पहिला प्रश्न विजेचा नव्हे, तर नदीचा विचारावा. २००६ साली येथे पाणी कोठवर चढले होते? सर्व्हरच नव्हे, तर बॅटऱ्या, जनित्र, तेलाचा पंप आणि विजेची मुख्य पेटी या सर्वांची जागा त्या खुणेच्या वर आहे काय? माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक तरी गावाबाहेर असावी, हा या व्यवसायातील जुना नियम आहे. सुरतकरांनी त्याला एवढीच पुस्ती जोडावी, की ती बाहेरची प्रत तापीच्या पुरापासून दूर असावी. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, त्या प्रतीवरून सगळा हिशेब पुन्हा उभा करून पाहावा. परत उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, ते केवळ समाधान होय.

अडगळ काढणे, हवेला वाट देणे, गरजेपुरतेच घेणे यांतून जी बचत होईल, ती खुशाल खिशात घालावी. त्यातला काही भाग मात्र वरच्या मजल्यासाठी आणि दूरच्या प्रतीसाठी राखून ठेवावा. पांडेसऱ्याच्या कारखान्यात बारा बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराला सर्व्हर म्हणजे काय, हे ठाऊक नसेल. पुरानंतर पुन्हा कामावर येताना आपली हजेरी आणि आपला निधी जागच्या जागी असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती वाजवी आहे.