फुकटची गोळी लागू पडते का?

सहल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? अजिंठ्याची लेणी, पाटणादेवी, नाहीतर उनपदेवचा गरम पाण्याचा झरा! आमच्या चौथीच्या वर्गाची यंदाची सहल मात्र गेली प्राथमिक आरोग्य केंद्रात. शाळेपासून चालत दहा मिनिटं. बसभाडं शून्य!

तिथल्या खिडकीवर एका आजोबांना गोळ्यांची पुडी मिळाली. पैसे कुणी मागितले नाहीत. ते पाहून आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, "सर, फुकटनी गोयी लागू पडस का?"

सगळी पोरं हसली. मी हसलो नाही. कारण मला त्याच्या काकांची गोष्ट ठाऊक होती.

दोन वर्षांपूर्वी कपाशी निंदताना त्यांच्या हाताला घोणस चावली. आरोग्य केंद्र जवळच होतं, पण घरातले म्हणाले, "तिथं काय, फुकटचं औषध!" आणि नेलं भगताकडे. त्यानं नारळ घेतला, कोंबडी घेतली, मंत्र म्हटले. तीन तास गेले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा कुठे गाडी काढली. काका वाचले, पण एक बोट गमावून बसले. जिवावरचं बोटावर निभावलं म्हणायचं.

आता गंमत बघा. सापाच्या विषावर खरं औषध एकच, प्रतिसर्पविष. ते कसं बनतं? घोड्याला विषाचा अगदी थोडा थोडा डोस टोचतात. त्याच्या रक्तात विषाला तोंड देणारी द्रव्यं तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईला परळमध्ये हाफकिन संस्था आहे ना, तिच्या नावाशी हे काम कितीतरी वर्षं जोडलेलं आहे. आपल्याकडचं हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर चालतं. एका रुग्णाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. विकत घ्यायच्या तर शेतमजुराचं कंबरडं मोडेल. म्हणजे भगतानं पैसे घेऊन काहीच दिलं नाही, आणि पलीकडे एवढं महागाचं औषध फुकट मिळत होतं!

बरं, फुकट तरी कुठे? बिस्किटाचा पुडा किंवा साबण घेता ना तुम्ही? त्यात सरकारचा कर असतो. हमाल भरतो, केळीचा बागायतदार भरतो, तुमची आईही भरते. त्या पैशातून दवाखाना चालतो. म्हणजे बिल आपण आधीच, सगळ्यांनी मिळून, थोडं थोडं भरलेलं असतं. आजारी पडल्यावर खिसा चाचपायची वेळ येऊ नये, एवढाच त्यातला हेतू.

ही कल्पना आजची नाही. देश पारतंत्र्यात असतानाच, १९४३ साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिनं १९४६ साली अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, असं तिचं सांगणं. त्यातूनच पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहिली. सपाटीवर साधारण ३० हजार लोकांमागे एक केंद्र, आणि सातपुड्यासारख्या डोंगराळ, आदिवासी भागात २० हजारांमागे एक, असा नियम. आपल्या महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही बंद झाले. धुळे जिल्ह्याला तर एक वेगळा मान आहे. मोठ्या शस्त्रक्रियांसाठीची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावानं चालते.

"पण सर, आमच्याकडे पैसे आहेत, आम्ही कशाला जाऊ?" असंही एकीनं विचारलं. प्रश्न चांगला होता. मी तिला देवीच्या रोगाचं सांगितलं. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. श्रीमंतानं एकट्यानं लस टोचून घेतली असती तर हा रोग हटला असता का? शेजारच्या वस्तीत तो राहिलाच असता. वाड्यापासून पाड्यापर्यंत सरकारी माणसं लस घेऊन फिरली, तेव्हा १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण उरला नाही. नारूचंही तसंच. पायविहिरीत उतरून पाणी भरायचं, त्यातून हा जंत अगदी बारीक असताना पोटात जायचा आणि वर्षभरानं हातभर लांबीचा होऊन पायातून बाहेर पडायचा! ना लस, ना गोळी. पायविहिरी बंद करून, पाणी गाळायला शिकवून त्याला घालवलं. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. असली कामं कुठला एकटा डॉक्टर, कितीही फी दिली तरी करू शकत नाही.

सरकारी डॉक्टरला काही येत नाही, हाही एक लाडका समज. डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव वहीत लिहून ठेवा. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला हा मुलगा डॉक्टर झाला आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागला. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं पटापट दगावत. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचवाच्या विषावर चालते हे दाखवून दिलं. जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता सगळंच छान आहे असं मी म्हणणार नाही. रांग असते. कधी औषध संपलेलं असतं, कधी डॉक्टरांची जागा रिकामी असते. तेव्हा राग येतो, यावाच. ग्रामसभेत उठून विचारायचं, "जागा का भरली नाही?" जिल्हा परिषदेच्या शाळेलाही लोक नावं ठेवतात, त्यामुळे मला हे जरा जास्तच कळतं!

आणि हो, साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही. अंगठी, कडं काढायचं, हातपाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा. ती गाडीही पैसे घेत नाही.

परवा तोच मुलगा सांगत आला, "सर, आजी आता केंद्रातूनच बीपीची गोळी घेते." मी खूश झालो. तो पुढे म्हणाला, "पण ती तिथल्या डॉक्टरीणबाईंशी भांडते. म्हणते, सुई का देत नाही?"